द्रविडचं उदाहरण देऊ नका

फेब्रुवारी १९९१. पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक असा रणजी सामना चालू होता. कर्नाटकाच्या बाजूने अनिल कुंबळे होता, जवागल श्रीनाथ होता आणि पहिलाच रणजी सामना खेळणारा अठरा वर्षांचा एक कॉलेजकुमार होता. जन्म इंदूरचा, वाढला बेंगळुरूत, घरात बोलायची भाषा मराठी. वडील शरद द्रविड जॅम बनवणाऱ्या किसान कंपनीत, म्हणून मित्रांनी पोराचं नाव ‘जॅमी’ ठेवलेलं. आई पुष्पा द्रविड विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुशास्त्राच्या प्राध्यापक. पोराने ८२ धावा केल्या, सामना अनिर्णित सुटला आणि तो परत बेंगळुरूला कॉलेजात गेला. सेंट जोसेफ्समधून बी.कॉम. झालं, मग एमबीएला प्रवेश झाला आणि तो अभ्यासक्रम चालू असतानाच भारतीय संघाचं बोलावणं आलं.

गेली पंचवीस-तीस वर्षं मराठी घरांत ही गोष्ट जेवणाच्या ताटावर वाढली जाते. द्रविडने एमबीएपर्यंत अभ्यास केला आणि क्रिकेटही खेळला, मग तुला दहावीचा अभ्यास करून सरावाला जायला काय होतं? पोरगं गप्प बसतं, कारण द्रविडसमोर बोलणार कोण!

बेंगळुरूतल्या तलावांवर, बॅडमिंटनच्या हॉलमध्ये आणि टेनिसच्या कोर्टांभोवती वावरलं की लक्षात येतं, द्रविडचं उदाहरण खरं असलं तरी या मुलांच्या कामाचं नाही. त्याच्या शिस्तीबद्दल वाद नाही. वाद आहे तो वयाचा. लॉर्ड्सवर पहिल्याच कसोटीत त्याने ९५ धावा केल्या तेव्हा तो २३ वर्षांचा होता. पहिला रणजी सामना ते पहिली कसोटी यांत पाच वर्षं गेली, आणि ती नेमकी कॉलेजची पाच वर्षं होती. कुंबळेचंही तसंच. ऑगस्ट १९९० मध्ये मँचेस्टरला तो पहिली कसोटी खेळला तेव्हा बेंगळुरूच्या आर. व्ही. कॉलेजात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकत होता. पदवी त्याने पुरी केली आणि त्यानंतर २००८ पर्यंत कसोट्या खेळला. लेग स्पिनरला उशीर झाला असं सहसा कोणी म्हणत नाही. क्रिकेटमध्ये पदवी आणि खेळ एकामागून एक येऊ शकतात, निदान त्या काळी येत होते. आता एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक आणि आयपीएलचा लिलाव यांनी क्रिकेटचं घड्याळही पुढे सरकवलंय, पण तो वेगळा विषय.

पोहण्यात असं होत नाही. कोल्हापूरचा वीरधवल खाडे बीजिंग ऑलिंपिकला उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. बेंगळुरूची धिनिधी देसिंघू २०२४ मध्ये पॅरिसला गेली ती चौदाव्या वर्षी, आणि तेव्हा ती सी. व्ही. रामन नगरच्या डीआरडीओ केंद्रीय विद्यालयात नववीत होती. अमेरिकेच्या केटी लेडेकीने लंडनमध्ये पहिलं ऑलिंपिक सुवर्ण घेतलं ते पंधराव्या वर्षी. म्हणजे आठवी ते बारावी ही वर्षं इथे अभ्यासाची आणि खेळाची एकदमच येतात. शरीर ज्या वर्षी सर्वांत जास्त सुधारतं, त्याच वर्षी बोर्डाचा फॉर्म भरायचा असतो.

या मुलांचा दिवस कसा जातो ते जरा जवळून पाहू. बेंगळुरूत स्पर्धेला पोहणाऱ्या पोरांच्या घरी गजर साधारण सव्वाचारला होतो. पाचला पाण्यात. डिसेंबरात या शहराची पहाट पंधरा-सोळा अंशांची असते, काठावर उभं राहायलाही जीव होत नाही. कोचने काठावरच्या फळ्यावर सेट लिहिलेला असतो: १६ गुणिले १००, समोर १:३०. याचा अर्थ शंभर मीटर सोळा वेळा, आणि दर दीड मिनिटाने नव्या शंभराला सुरुवात. एक मिनिट दहा सेकंदांत आलात तर वीस सेकंद विश्रांती, एक पंचवीसला आलात तर पाचच. दमलेल्याला विश्रांती कमी आणि ताज्याला जास्त, असा हा उफराटा न्याय. सोबत वॉर्म-अप, किकबोर्ड घेऊन नुसत्या पायांचं काम, शेवटी सैल पोहणं. सगळं धरून पाच किलोमीटर सहज होतात, पन्नास मीटरच्या तलावाच्या शंभर फेऱ्या. साडेसातला बाहेर. केस क्लोरीनने काथ्यासारखे झालेले आणि गॉगलचे वळ डोळ्यांभोवती पहिल्या तासापर्यंत तसेच.

मग गाडीतच इडली नाहीतर थालीपीठ, गाडीतच गणवेश, साडेआठला शाळा. चारला पुन्हा तलाव. साडेसहाला सुटून बेंगळुरूच्या त्या सुप्रसिद्ध वाहतुकीतून घरी पोचायला साडेसात. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. सव्वाचारला उठायचं तर सव्वाआठला झोपायला हवं. साडेसात ते सव्वाआठ या पाऊण तासात जेवण, गृहपाठ, उद्याची बॅग आणि आजीशी बोलणं! तेव्हा झोप कापली जाते किंवा अभ्यास मागच्या सीटवर जातो. सिल्क बोर्डच्या चौकात अडकलेल्या गाडीत वही मांडीवर घेऊन बसलेली मुलं या शहरात नवलाची नाहीत.

हा हिशेब आठवड्याचा केला की चक्रावायला होतं. दोन वेळचे अडीच-अडीच तास, सहा दिवस: तीस तास. अमेरिकेत विद्यापीठातल्या खेळाडूंवर एनसीएए या संस्थेचं बंधन आहे, हंगामात आठवड्याला वीस तासांहून जास्त सराव घ्यायचा नाही, कारण ते आधी विद्यार्थी आहेत. तिथल्या वीस-एकवीस वर्षांच्या दणकट पोरांना जी मर्यादा, तिच्याहून दहा तास जास्त आपली नववीतली मुलगी घालते. त्यावर घरी कोणी सांगतं, वेळेचं नियोजन शिक. नियोजन करायला आधी वेळ शिल्लक तर हवा.

धिनिधीची पॅरिसची शर्यत दोनशे मीटर फ्रीस्टाईलची होती. भारताच्या पथकात ती सर्वांत लहान. कोलकात्याची आरती साहा १९५२ मध्ये हेलसिंकीला अकराव्या वर्षी गेली होती, तिच्यानंतर इतक्या कमी वयाचं भारताकडून कोणी ऑलिंपिकला गेलेलं नाही. धिनिधी आपल्या हीटमध्ये पहिली आली, २ मिनिटं ६.९६ सेकंद, आणि एकूण तेविसावी. पुढच्या फेरीला सोळाच जातात. ती परत आली, शाळा चालूच होती, आणि २०२५ च्या उत्तराखंड राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिने नऊ सुवर्णपदकं जिंकली. बातम्यांत तिचं कौतुक ‘शाळकरी ऑलिंपियन’ म्हणून झालं. या दोन शब्दांच्या मध्ये किती माणसांचे तास गेले असतील, याचा हिशेब बातमीत मावत नाही.

ते तास बहुतेक वेळा आईचे असतात, हे कुठल्याही तलावाच्या पायऱ्यांवर पहाटे साडेपाचला दिसतं. कोणी लॅपटॉप उघडून ऑफिसचं काम उरकतंय, कोणी धाकट्याचा डबा तिथूनच फोनवरून ठरवतंय. बाबाही असतात, पण शनिवार-रविवारी जास्त. नोकरी सोडलेल्या, अर्धवेळ केलेल्या, बढती नाकारलेल्या बायका इथे भेटतात आणि त्यांच्या त्यागाला पदकसोहळ्यातल्या एका ओळीपलीकडे जागा नसते. घर बदलणं तर नित्याचं. तलाव बसवनगुडीला आणि घर व्हाइटफील्डला असेल तर एकाला हलावं लागतं, आणि तलाव हलत नाही.

बेंगळुरूच का, असा प्रश्न महाराष्ट्रातून येणाऱ्याला पडतोच. उत्तराची सुरुवात मल्लेश्वरममधल्या एका लग्नाच्या हॉलपासून करावी लागते. कॅनरा युनियनचा हा हॉल. प्रकाश पदुकोण याच हॉलमध्ये बॅडमिंटन शिकला, आणि लग्नाचा मुहूर्त असला की कोर्ट बंद! मुहूर्त नसलेल्या दिवसांवर वाढलेल्या या मुलाने सोळाव्या वर्षी ज्युनियर आणि सीनियर अशी दोन्ही राष्ट्रीय अजिंक्यपदं मिळवली आणि १९८० मध्ये ऑल इंग्लंड जिंकलं. १९९४ मध्ये त्याने विमल कुमार यांच्यासह अकादमी काढली. मुंबईची अपर्णा पोपट किशोरवयातच तिथे शिकायला आली, माउंट कार्मेल कॉलेजात दाखल झाली आणि पुढे नऊ वेळा राष्ट्रीय विजेती झाली. २०१७ मध्ये विमानतळाच्या रस्त्याला यलहंकाच्या बाजूला पदुकोण-द्रविड क्रीडा केंद्र उभं राहिलं. एका आवारात बॅडमिंटन, पोहणं, टेनिस, क्रिकेट, स्क्वॉश आणि फिजिओ. दक्षिणेकडे केंगेरीच्या बाजूला क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र. हवा बारा महिने बरी. कोच आहेत म्हणून मुलं येतात, मुलं येतात म्हणून कोच राहतात.

कॉलेजंही या धंद्यात शहाणी झाली. या शहरातल्या खेळाडूंच्या पदव्या पाहिल्या तर एक गोष्ट ठळक दिसते: कॉमर्स. द्रविड बी.कॉम., अपर्णा पोपट बी.कॉम., पुण्यात जन्मून बेंगळुरूत वाढलेला बिलियर्ड्सचा जगज्जेता पंकज अडवाणीही जैन कॉलेजातून कॉमर्सचाच. या सगळ्यांना ताळेबंदाची ओढ होती असं समजायचं कारण नाही. सायन्सला प्रॅक्टिकल असतात, ती चुकवता येत नाहीत. त्यातून सीईटी-नीटचे क्लास सकाळी आणि संध्याकाळी, म्हणजे बरोबर सरावाच्या वेळेला. कुंबळे-श्रीनाथ दोघेही इंजिनिअर झाले ते क्लास नावाचा कारखाना सुरू होण्याआधीच्या जमान्यात. आज बेंगळुरूच्या पीयूसीत, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीत, सायन्स घेऊन राज्याच्या स्पर्धा खेळणारा मुलगा दिसला तर कोच त्याच्याकडे कौतुकाने पाहतो आणि त्याच्या जागी कोण येईल याचा विचार सुरू करतो.

अपवाद आहेत, आणि ते आपल्याकडचेच आहेत. नागपूरची मालविका बनसोड, आई-वडील दोघेही दंतवैद्य, दहावी-बारावीला नव्वदच्या वर टक्के आणि जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनला सायना नेहवालवर विजय. पण मालविकाचं नाव घेणारे पालक सहसा टक्क्यांपाशी थांबतात. घरातल्या एका माणसाने स्वतःचं काम बाजूला ठेवून तिच्याबरोबर गावोगाव राहायचं, हा भाग ते ऐकून घेत नाहीत.

बोर्डांनीही थोडं ऐकलंय, हे मान्य करायला हवं. २०१८ मध्ये हरियाणाचा नेमबाज अनिश भनवाला याची दहावीची परीक्षा आणि गोल्ड कोस्टचे राष्ट्रकुल सामने एकाच सुमाराला आले. सीबीएसईने त्याचे पेपर पुढे घेतले, आणि पंधरा वर्षांच्या या मुलाने तिथे सुवर्णपदक घेतलं. आता राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय स्पर्धेत असलेल्या दहावी-बारावीच्या मुलांसाठी वेगळ्या तारखांची सोय आहे, पंचाहत्तर टक्के हजेरीतही सूट मिळते. कर्नाटकाच्या मंडळाने २०२४ मध्ये दहावीला आणि पीयूसीला वर्षाला तीन परीक्षा सुरू केल्या. ते केलं सगळ्या मुलांसाठी, पण खेळाडूंना आयता फायदा झाला: एप्रिलची स्पर्धा असेल तर पुढच्या परीक्षेला बसा. महाराष्ट्रात खेळाडूंना दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, कामगिरीनुसार कमाल पंचवीसपर्यंत, आणि सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण. दोन्ही राज्यांच्या स्वभावातला फरक इथे कळतो. एकाने वेळ दिला, दुसऱ्याने गुण. सोळा वर्षांच्या मुलाला वेळ जास्त उपयोगी, असं मला वाटतं. गुणांच्या सवलतीला आपल्याकडे दलालही लवकर फुटतात. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या मिळवल्याची प्रकरणं महाराष्ट्राने पाहिली आहेत, आणि त्यात नुकसान झालं ते खरोखर पहाटे उठणाऱ्यांचं.

वीरधवल खाडेची गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. किशोरवयात कोल्हापूर सोडून तो बेंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे आला. २००८ चा ऑगस्ट बीजिंगमध्ये गेला, ऑक्टोबरात पुण्याच्या युवा राष्ट्रकुल स्पर्धेत बालेवाडीच्या तलावात त्याने सुवर्णपदकं घेतली. २०१० मध्ये ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्य. १९८६ मध्ये खजान सिंगने रौप्य घेतलं होतं, त्यानंतर भारताला आशियाई जलतरणातलं हे पहिलं पदक. एकोणीस वर्षांचा मुलगा, अख्खी कारकीर्द पुढे, आणि इथेच आपल्या व्यवस्थेने त्याला बक्षीस दिलं: महाराष्ट्र सरकारची नोकरी, पद तहसीलदार.

कोल्हापुरात तहसीलदार हा शब्द काय वजनाचा आहे, हे वेगळं सांगायला नको. एवढा तरुण मुलगा साहेब होतो म्हणजे घराचं सोनं झालं. पण तहसीलदाराला सातबारे असतात, वाळूच्या गाड्या असतात, निवडणुका असतात, आणि सकाळी पाच ते साडेसात आणि दुपारी चार ते साडेसहा तलावावर जायची परवानगी नसते. पुढची काही वर्षं वीरधवल स्पर्धेच्या पाण्यातून जवळपास बाहेरच राहिला. जलतरणपटूच्या आयुष्यातली ती एकवीस ते पंचविशीची वर्षं होती. अभ्यासाने खेळ मारला असं आपण नेहमी ऐकतो. इथे खेळामुळे मिळालेल्या नोकरीनेच खेळ थांबवला.

तो परत आला, हे त्याचं मोठेपण. २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाईलला त्याने २२.४७ सेकंदांची वेळ दिली. तिसऱ्या आलेल्या जपानी पोहणाऱ्याची वेळ होती २२.४६. एक शतांश सेकंद. मधली वर्षं पाण्यात गेली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मी इथे विचारत नाही, वाचकाने विचारावा. २०२३ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवल आणि त्याची पत्नी ऋजुता खाडे दोघांनी आपापल्या गटात पन्नास मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं. तेव्हा त्याने बत्तिशी ओलांडली होती.

लेडेकीचं पुढे काय झालं, तेही याच्या शेजारी ठेवून पाहावं. सुवर्णपदकानंतर ती स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली. तलाव विद्यापीठाच्या आवारातच, वर्गापासून सायकलच्या अंतरावर. तिथेच ती मानसशास्त्राची पदवीधर झाली आणि त्यानंतर आणखी ऑलिंपिक पदकं घेत राहिली. भारतात विद्यापीठ आणि सर्वोत्तम सराव एका कुंपणाच्या आत सहसा नसतात. बेंगळुरूत जैन विद्यापीठाने २०२२ मध्ये खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा भरवली, ऑलिंपियन श्रीहरी नटराज त्यात उतरला, ही चांगली सुरुवात. पण खेळाडूचं कॉलेज म्हणजे हजेरी माफ करणारं कॉलेज, हा अर्थ अजून बदललेला नाही. हजेरी माफ केल्याने पोहायला वेळ मिळतो, शिकायला मिळत नाही. पदवी हातात पडते आणि मुलाला वर्गातल्या चार जणांची नावं माहीत नसतात. अथेन्स ऑलिंपिकला गेलेली बेंगळुरूची शिखा टंडन पुढे अमेरिकेत जीवशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन तिथल्या उत्तेजकविरोधी संस्थेत काम करू लागली. तिने पाणी सोडलं, पण खेळ आणि शिक्षण दोन्ही कामाला लावले. अशी वाट मागून येणाऱ्यांना कोणी दाखवत नाही.

पैशाचं थोडक्यात. खेलो इंडियात निवड झालेल्या मुलामागे सरकार वर्षाला सव्वासहा लाखांच्या वर खर्च करतं, त्यातले महिना दहा हजार हातखर्चाचे. निवड झाली तर. त्याच्या आधीची सहा-सात वर्षं तलावाची फी, कोचची फी, स्पर्धांचे प्रवास आणि शर्यतीचे ते घट्ट सूट पालकांच्या खिशातून. म्हणून बेंगळुरूच्या तलावांवर आयटीतले पालक जास्त दिसतात, आणि केंगेरीच्या वसतिगृहात शेतकऱ्यांची मुलं. वसतिगृहातल्या मुलाचा प्रवासाचा वेळ वाचतो. मात्र संध्याकाळी शेजारी बसून गणित कोण समजावणार, हा त्याचा प्रश्न तसाच राहतो.

ऑलिंपियनांबद्दल लिहिणं सोपं असतं. तलावावर त्यांची संख्या एक-दोन, बाकीच्या लेन भरलेल्या असतात त्या राज्य पातळीवर चौथ्या, सहाव्या, अकराव्या येणाऱ्या मुलांनी. त्यांना बोर्ड तारीख बदलून देत नाही, खेलो इंडिया दहा हजार देत नाही, जैन कॉलेज हजेरी माफ करत नाही. यांतली बरीच मुलं दहावीच्या वर्षी जूनमध्ये येणं थांबवतात. मुली जास्त, आणि मुलींच्या बाबतीत टक्के हे कारण पुढे केलं जातं, मागे पोहण्याच्या पोशाखावरून आलेली एखाद्या काकूची टिप्पणीही असते. आठ वर्षं रोज पाच किलोमीटर पोहलेलं शरीर एका महिन्यात क्लासच्या बाकावर बसवलं जातं. त्या मुलांना सोडायचं नसतं. त्यांना आठवड्यातून चार दिवस, एक वेळ, चांगल्या कोचच्या हाताखाली पोहायचं असतं, जमलं तर वर्षाला दोन स्पर्धा करायच्या असतात आणि बारावीला बरे टक्के मिळवायचे असतात. तशी बॅच मागायला पालक ऑफिसच्या खिडकीशी जातात तेव्हा त्यांना दोन फॉर्म दाखवले जातात. एक स्पर्धेच्या स्क्वॉडचा, रोज दोन वेळ, हजेरी सक्तीची. दुसरा उन्हाळी शिबिराचा, एकवीस दिवस, नवशिक्यांसाठी.